परक्या घरचं नाव

गंगूबाईनं ओ दिली तेव्हा तिच्या एका हातात सांबाराची जुडी होती आणि दुसऱ्या हातात केळीच्या सोपाचा धागा. कोथिंबिरीला सांबार म्हणणारा हा मुलूख, आणि अमरावतीच्या भाजीबाजारात सकाळी नवाला सांबाराच्या वासानंच माणसाचं डोकं भरलेलं असतं. गिऱ्हाईक दाटलेलं होतं. सून वर्षाली काट्यावर वांगी चढवत होती. अशात मागच्या बाजूनं एका बाईनं हाक मारली, "मार्था, अगं इकडे ये, आंबाडी इथे आहे," आणि गंगूबाईच्या तोंडून ओ निघून गेली. मोठ्यानं गेली. चुलीपुढची पोर अंगणातल्या आईला देते तशी, थोडी ओढलेली, थोडी कंटाळलेली. तिची तिलाच ती ऐकू आली आणि धागा जुडीभोवती अर्धा फिरून तसाच राहिला.

"कोनाले ओ देली, आई?" वर्षालीनं विचारलं.

"कोनाले नाई. ठसका लागला."

"ठसका ओ म्हनते का?"

"माहा म्हनते. तू काट्यावर ध्यान दे, वांगं घरंगळून राहिलं."

गंगूबाई ओ देणाऱ्यातली बाईच नव्हती. बडनेरा रोडवरच्या तिच्या मळ्यात आणि घरात हाक ती मारायची, ओ बाकीचे द्यायचे. मुलगा ओमप्रकाश पन्नाशीला आला तरी आईची हाक आली की हातचा घास ताटात ठेवून उठायचा. बाजारातली अख्खी ओळ तिला वचकून होती. दुसरी पास झालेली बाई, पण तिनं एकदा कुणाला जोखलं की ते माप कोणी बदलत नसे. अशा बाईच्या घशात ही लहान पोरीची ओ कुठं दडून बसली होती? एक्कावन्न वर्षं. सतरा वर्षांची ती लग्न होऊन आली, परातीत तांदूळ पसरले, नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात अक्षरं काढली, सासू म्हणाली आजपासून तू गंगू, आणि तिनं मान हलवली. मान हलवताना तिला हलकंच वाटलं होतं. माहेरी, बार्शीटाकळीच्या शाळेत, मार्था ह्या नावापायी पोरांनी तिला किरिस्तावीण म्हणून चिडवलं होतं. एकाच्या खांद्याला ती चावली होती, त्याचा खारट घामट सदरा अजून दातांना आठवत होता. आईबापांनी कधी कारण सांगितलं नाही. मिशनच्या दवाखान्यात जन्मली, तिथल्या नर्सबाईचं नाव ठेवलं, एवढंच तिला ठाऊक. तिनंही विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे नाव तोंडानं घ्यायचं. तांदळातल्या त्या अक्षरांनी ते नाव मेलं असं तिनं धरलं होतं. नाव मरत नाही की काय? बी पडून राहतं आणि चार सालांनी भलत्याच वाफ्यात उगवतं, तसं काही होतं का त्याचं?

ती उठली. बसल्या जागेवरून गंगूबाई गिऱ्हाइकासाठी उठत नसे, म्हणून वर्षालीनं पुन्हा वर पाहिलं. आंबाडी निवडणारी बाई साठी-पासष्टची, चष्म्याची, पस्तीस वर्षं मास्तरीण असलेल्या बायांची पाठ जशी ताठ राहते तशी ताठ. तिची लेक चाळिशीची, हातात हेल्मेट, मोबाइलवर कुणाशी तरी कुरकुर बोलत उभी. म्हणजे ही मार्था. गंगूबाईनं तिच्याकडे उगीच कसून पाहिलं, आपली हरवलेली साडी दुसरीच्या अंगावर दिसावी तसं.

"पोरीचं नाव तुमी ठेवलं का, बाई?"

"तिच्या आजीनं ठेवलं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "का हो?"

"अर्थ काय होते त्याचा?"

"मार्था म्हणजे घरधनीण. मालकीण म्हणा. ज्या जुन्या भाषेतलं आहे ना, तिच्यात सरळ 'बाई' असाच अर्थ."

गंगूबाईनं आंबाडीच्या जुडीतली दोन पिवळी पानं खुडून टाकली. घरधनीण. हे कोणी आधी का नाही सांगितलं? ज्या नावापायी मान खाली घालून पाटी उचलली, ते नाव आतून असं ताठ होतं. आणि आपण आयुष्यभर जे झालो ते कोणीतरी आपल्या अंगावर आधीच लिहून ठेवलं होतं, आणि तेच पुसून इथं आलो. तिला बरं वाटत होतं आणि राग येत होता, दोन्ही एकाच वेळी, ऊन-सावलीसारखं.

"तुमच्या पोथीत हाये का ही बाई?"

"आहे की. दोघी बहिणी होत्या. मार्था मोठी कामसू. एकदा मोठा पाहुणा घरी आला, येशू. मार्था स्वयंपाकात गुंतलेली, आणि बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली. मार्था वैतागून म्हणाली, हिला सांगा ना मला हात लावायला. तर तो म्हणाला, तू फार गोष्टींची काळजी करतेस. मरियेनं जे निवडलं ते चांगलं, ते तिच्याकडून कोणी घेणार नाही."

"असं म्हनला?"

"असं म्हणाला."

"मंग चुलीवर काय होतं ते कोनं उतरवलं?"

मास्तरीणबाई हसल्या. "ते लिहिलं नाही."

"लिहिनारा मानूसच असन. त्याले कायले दिसते चूल." गंगूबाईनं जुडी जरा जोरानंच पिशवीत कोंबली. "राबली ते येडी, अन् बसली ते शहानी. हे तं सगळीकडेच हाये बाप्पा, त्यासाठी पोथी कायले पाहिजे."

"थांबा, अजून आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. पस्तीस वर्षं मागच्या बाकावरच्या पोरांना गप्प करायची सवय त्या 'थांबा'त होती. "पुढं त्यांचा भाऊ वारला. आधी निरोप धाडला होता, पण त्याला पुरून चार दिवस झाले तेव्हा हा पाहुणा आला. मरिया घरात बसून राहिली. मार्था उठली, गावाबाहेर रस्त्यावर त्याला गाठलं आणि तोंडावर म्हणाली, तू वेळेवर असतास तर माझा भाऊ मेला नसता."

"तोंडावर?"

"तोंडावर."

लेकीचं मोबाइलवरचं बोलणं संपलं, दोघी आंबाडी घेऊन गर्दीत मिसळल्या, आणि गंगूबाई परत पोत्यावर येऊन बसली. पण बूड बसलं नाही. रस्त्यावर उभी असलेली ती बाई तिच्या डोळ्यांपुढून हलेना. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडालेला, पायात बहुधा चपला नाहीत, आणि समोर एवढा मोठा माणूस. सगळे घरात रडत बसलेले असताना हिला रस्त्यावर काय काम होतं? हिशेब चुकता करायला गेली होती, की कुणीतरी आपल्याशी बोलावं म्हणून? दुपारी घरी आल्यावर नात प्रणालीला तिनं विचारलं, "तुह्या मोबाइलमधी पाय बरं, मार्था नावाच्या बाया कुठं कुठं असतात." प्रणाली पदवीच्या शेवटच्या वर्षाला, तिला आजीच्या कुठल्याच प्रश्नाचं नवल वाटत नसे. तिनं वाचून दाखवलं. स्पेनात मार्ता. पोलंडात पण मार्ता. रशियात मार्फा. केरळात आहेत, गोव्यात आहेत. "आता पोरींची ठेवत नाईत म्हने आजी जास्त. जुनं वाटते लोकाईले." गंगूबाईनं डोळे मिटले. एवढ्या बाया. बर्फात एक, समुद्राकाठी एक, कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाचे हात पिठात, आणि सगळ्यांना कोणीतरी घरातून हाका मारून राहिलं. त्यातली एखादी तरी आपल्यासारखी आहे का, जिचं नाव काढून ठेवलं आणि जिच्या जागी दुसरं बसवलं? "तुले कायले पाहिजे पन, आजी?" प्रणालीनं विचारलं. "गिऱ्हाईक इचारत होतं," गंगूबाई म्हणाली, आणि स्वतःच्याच घरात खोटं बोलायची पाळी आली म्हणून तिला चीड आली.

त्या नावानं तिला हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि त्याच्या घरची पायरी तिनं अकरा वर्षांत चढली नव्हती. मोठी बहीण इंदूबाई, अकोल्याची. त्यांची माय शेवटी इंदूबाईकडेच होती. माय निजली आहे, उठत नाही, असा निरोप आला तेव्हा गंगूबाई गेली आणि जाताच तिनं कासोटा खोचून चूल ताब्यात घेतली. बाळापूरचे आले, बार्शीटाकळीचे आले, चार दिवस माणसांचा राबता, सकाळचा चहा संपेपर्यंत दुपारच्या भाकरी. इंदूबाई मायच्या उशाशी बसलेली. हात हातात. गंगूबाई येता-जाता दारातून पाहायची, दोघींची डोकी जवळ, काहीतरी कुजबुज, आणि आपण आत गेलो की कुजबुज थांबते असं तिला वाटायचं. थांबायची की नाही कुणास ठाऊक. पाचव्या दिवशी दुपारी ती सूप घेऊन तांदळातले खडे वेचत होती. इंदूबाई बाहेर आली आणि म्हणाली, माय गेली. गेली, म्हणजे जाऊन चुकली. "मले आवाज नाई द्यावा?" गंगूबाईनं विचारलं. इंदूबाई म्हणाली, "तू कामात होती." ह्या तीन शब्दांचा चटका तिला अकरा वर्षं पुरला. तेरवीच्या दिवशी निघताना इंदूबाईनं दारात अडवलं, "मारथे, मायनं तुह्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवली हाये." सगळे सोयरे ऐकत होते. गंगूबाई म्हणाली, "तुह्यापाशीच ठेव. बसून मिळवली ना, मंग बसूनच सांभाळ." असं बोलणं तिच्या जिभेला सोपं जायचं, नंतर ते गिळणं अवघड. फोन यायचे, ती घ्यायची नाही. गोष्ट कुठं पळून जाते, असं तिच्या मनाला वाटे. इंदी आहे तोवर गोष्ट आहे. आणि दोन महिन्यांपूर्वी इंदूबाईचा मुलगा किशोर ओमप्रकाशला फोनवर सांगत होता की आईला आताशा आठवत नाही, जेवली की विसरते, परवा नळ चालू ठेवून गावभर फिरून आली. गंगूबाई तेव्हा मेथी निवडत होती. तिनं मेथी निवडून पूर्ण केली. पण त्या दिवसापासून तिच्या छातीत काहीतरी झिरपत होतं, माठाला बारीक चीर जावी तसं, आणि आज सकाळी त्या ओ नं तिला चीर नेमकी कुठं आहे ते दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीत बसली. घरात सांगितलं, इंदीला वांगी देऊन येते. वर्षाली म्हणाली, "अकरा वर्षांनंतर वांगे?" गंगूबाई म्हणाली, "वांगे चांगले निघाले यंदा." मूर्तिजापूर मागे पडलं, कपाशीची शेतं खिडकीतून पळत होती, आणि ती पुढची वाक्यं जुळवत होती. रस्त्यावरच्या त्या बाईसारखं. तोंडावर म्हणायचं, तू मले आवाज देला असता तं मी उठली असती. तांदूळ टाकून उठली असती. एवढं म्हणायचं आणि मग गोष्ट मागायची. आधी म्हणायचं की आधी मागायचं? आधी मागितली आणि इंदीनं तोंड फिरवलं तर? आपण तिच्या जागी असतो तर फिरवलं असतं. बोरगाव मंजूला बस थांबली तेव्हा तिला उतरून परत फिरावंसं वाटलं. शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं जाऊन राहिल्या, आणि ती म्हणाली, "बहिणीकडे," आणि तो शब्द तोंडात इतका नवा लागला की तिनं तो मनात आणखी दोनदा म्हणून पाहिला.

किशोरच्या बायकोनं दार उघडलं, पाया पडली, चहा ठेवायला आत गेली. इंदूबाई दिवाणावर पाय घेऊन बसली होती. केस कापलेले, अंगावर गाऊन, आणि चेहरा असा की त्याच्यावरून कोणीतरी हात फिरवून सगळ्या रेषा सैल केल्या आहेत. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "मारथे. आली का? बस." जणू मागच्या आठवड्यात येऊन गेली होती. अकरा वर्षं त्या खोलीत कुठं नव्हतीच. बसमध्ये जुळवलेली वाक्यं गंगूबाईच्या हातात वांग्यांच्या पिशवीसारखी लोंबत राहिली, कुठं ठेवावी ते कळेना. ती बसली. काही तरी बोलायचं म्हणून तिनं तेच विचारलं जे कालपासून तिला खात होतं.

"इंदे, माहं हे नाव कोनं ठेवलं वं?"

आणि इंदूबाईचा चेहरा गोळा झाला. आजचं तिला काही सापडत नव्हतं, पण जुनं सगळं जागच्या जागी होतं. "आजीनं. बापाच्या मायनं. तुह्या आधी दोन पोरी गेल्या मायच्या, पाचवी झाली की गेल्या. सटवाई पाचवीले येते ना कपाळावर लिहाले, तिनं दोघींचं तेच लिहिलं. मी सहा वर्षांची होती, मले सगळं याद हाये. आजी म्हने, ह्या पोरीले आपल्या घरचं नाव देऊ नका. जिथं आपलं खानं-पिनं नाई, त्या घरचं नाव आना. सटवाई इचारत आली तं तिले वाटन, हे लेकरू दुसऱ्याच देवाच्या मुलखातलं हाये, अन् वापस जाईन."

"अन् ते नर्सबाई?"

"मायनं तिले हात जोडून मांगतलं. ते हासली. म्हने, घेऊन जाय, माह्यापाशी कमी होत नाई." इंदूबाई स्वतःही हसली. "तुह्या लग्नात तांदळात गंगू लिहिलं तवा माय रडली. तुले वाटलं, तू चालली म्हनून. ते नव्हतं. तिले वाटलं, आता सापडली पोरगी सटवाईले. मंग रोज सांजीले दारात येये, अमरावतीकडे तोंड करे, अन् तुहं जुनं नाव घेये. सटवाईनं ऐकावं म्हनून. बाप बोले तिले, पन ते घेयेच. मेली तोवर."

गंगूबाईचे हात मांडीवर होते आणि त्यांना करायला काही नव्हतं. आपल्याला घरधनीण करायला नाही, लपवायला ठेवलं होतं ते नाव. आणि दोन्ही खरं. अमरावतीत ती सासूच्या पुढे उभी राहिली, नवरा गेल्यावर मळा राखला, ओमप्रकाशला विंचू चावला, घर जळता जळता राहिलं, आणि त्या सगळ्या वर्षांत रोज संध्याकाळी ऐंशी-नव्वद किलोमीटरवर एक म्हातारी दारात उभी राहून तिला झाकून घेत होती. तिला त्याची कधी झुळूक तरी लागली होती का? लागली असेल का, संध्याकाळी कधी उगीच वळून पाहावंसं वाटायचं ते? तिनं आठवून पाहिलं. संध्याकाळी ती नेहमी घाईत असायची.

"इंदे," ती म्हणाली. आवाज तिला हवा तेवढा कडक निघाला नाही. "मायनं माह्यासाठी एक गोष्ट सांगतली होती. तेरवीले तू म्हनली. मी तवा घेतली नाई. आता दे."

इंदूबाई तिच्याकडे पाहत राहिली. गंगूबाईनं त्या डोळ्यांत कपट शोधलं, बाजारात आयुष्य गेलेली बाई, तिला कपट लांबून वास घेऊन कळायचं. कपट नव्हतं. काढणी झालेलं वावर असतं तसं काहीतरी होतं तिथं.

"माह्यापाशी?" इंदूबाई म्हणाली. "माह्यापाशी कुठली? मी तं चुलीपाशी होती."

"तू?"

"पाव्हने किती होते, मारथे. चार दिवस भाकरी. मी तांदूळ निवडत होती अन् माय गेली. कोनं मले आवाज देला नाई." इंदूबाईची हनुवटी हलायला लागली. ते अकरा वर्षांचं जुनं रडं होतं की आत्ता ह्या क्षणी आलेलं, सांगता येत नव्हतं. "तू होती ना मायच्या उशाशी. हात धरून बसली होती तू. मी दारातून पाये. काय म्हनली वं माय? माहं नाव घेतलं का?"

आत कपबशा वाजत होत्या. गंगूबाईच्या जिभेवर आलं, येडे, तू बसली होती, मी राबली. ते वाक्य तिथं अकरा वर्षं तयार उभं होतं, धार लावलेलं. पण ज्या बाईला ते म्हणायचं तीच आता चुलीपुढून उठून आली होती, तेच हात, तोच राग, आणि डोळ्यांत तीच भूक. आपण तेव्हा दारात अशाच दिसलो असू का? आणि उशाशी बसलेलीला तेव्हा काय वाटलं असेल, आपल्यापाशी एवढं असताना दारातली बाई घ्यायलाच तयार नाही, ह्याचं? तिनं बहिणीचा हात घेतला. तो हलका होता, वाळलेल्या दोडक्यासारखा, आत काही बिया वाजतील असा.

"घेतलं ना," ती म्हणाली. "म्हने, इंदी थकली असन. तिले म्हना, बस जराशी."

"असं म्हनली?"

"असंच म्हनली."

इंदूबाईनं डोळे पुसले. चहा आला. तिनं तो बशीत ओतून घेतला, अर्धा प्यायली, खिडकीबाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती तिकडे पाहत बसली, आणि मग वळून पुन्हा तेवढ्याच आशेनं म्हणाली, "मारथे, तू होती ना उशाशी? काय म्हनली वं माय?"

गंगूबाईनं पुन्हा सांगितलं. ह्या वेळी माय थोडं जास्त बोलली. इंदीच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीचं बोलली, गेलेल्या दोन पोरींचं बोलली, त्यांची नावं मात्र गंगूबाईला ठाऊक नव्हती म्हणून माय तिथं अडखळली. आणि सांगता सांगता तिला नवल वाटायला लागलं, कारण हे काही तिनं जुळवलेलं नव्हतं. गोष्टी रचणं तिच्या स्वभावात नाही, बाजारात तिनं भाव सांगितला तर तोच भाव. मग हे येऊन कुठून राहिलं? मायच्या तोंडची वाक्यं, तिची ती अर्धी गिळलेली अक्षरं, शेवटी वर जाणारा सूर, हे तिच्याजवळ कधी आलं? की इंदीच्या हातातून आत्ता येत होतं, तिच्या नकळत, इंदीच्याही नकळत? वर्षालीचा फोन आला, बस किती वाजता आहे म्हणून. तिनं सांगितलं, "दुकान तू पाय दोन दिवस," आणि फोन उलटा करून ठेवला. थोड्या वेळानं इंदूबाईनं तिसऱ्यांदा विचारलं. गंगूबाईनं पाय वर घेतले, दिवाणावर नीट मांडी घातली, आणि ह्या खेपेला आपल्या तोंडून माय काय म्हणते ते ऐकायला ती स्वतःही जराशी पुढे सरकली.